कमी ऐकू येत असताना समुपदेशन घेतलं, त्याची हकिगत

मी पुण्यातल्या एका अनुदानित शाळेत मराठी शिकवते. वय ४७. दोन्ही कानांनी गेली काही वर्षं हळूहळू कमी ऐकू येत गेलं. नसेचा दोष आहे, ऑपरेशनने बरा होणारा नाही, हे कानाच्या डॉक्टरांनी २०२२ मध्येच सांगितलं होतं. तेव्हा मशीनं घेतली, दोन्ही कानांची मिळून चौसष्ट हजारांना. मार्च २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात मी एका समुपदेशकांकडे जात होते.  समुपदेशनाची गरज वाटते, पण ‘आपल्याला तिथे नीट ऐकू येणार नाही, मग बोलणार काय’ असं म्हणून जे घरी बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ऐकू येण्याचा प्रश्न नसेल, दुसरी काही अडचण असेल, तरी यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट सांगते, कारण ऐकू येणाऱ्यांना ती सहसा माहीत नसते. कानाचं मशीन आवाज मोठा करतं, शब्द स्पष्ट करतंच असं नाही. पंखा, बाकांचा आवाज, रस्त्यावरचे हॉर्न, सगळंच मोठं होतं. उरलेलं आम्ही ओठांवरून भरून काढतो. आणि ओठांवर प, ब, म सारखेच दिसतात. पान, बाण आणि मान यांतला कोणता शब्द होता हे संदर्भावरून ओळखायचं, तोवर समोरचा माणूस दोन वाक्यं पुढे गेलेला असतो. दिवसभर हे केलं की संध्याकाळी डोकं अक्षरशः बधिर होतं.

२०२३ च्या दिवाळीत मी माहेरी गेले आणि पूर्ण वेळ स्वयंपाकघरात काढला. बाहेरच्या खोलीत सगळे एकदम बोलत होते. शाळेत शिक्षकांच्या खोलीत बसणं सोडलं होतं, डबा वर्गातच खायचे. आईचा फोन आला की नवऱ्याच्या हातात द्यायचे. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवला होता. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड तपासला, सगळं ठीक निघालं. मग त्यांनी एका कागदावर लिहून माझ्यासमोर धरलं : ‘कुणाशी तरी बोलायला हवंय तुम्हाला.’

पहिल्यांदा गेले ते जानेवारी २०२४ मध्ये. त्या जागेचं नाव घेणार नाही. वेळ फक्त फोनवर मिळायची, म्हणून फोन नवऱ्याने केला. आत गेल्यावर समुपदेशक बाई खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. उजेड त्यांच्या मागून येत असल्यामुळे चेहरा काळसर दिसत होता, ओठ कळत नव्हते. डोक्यावर पंखा. मी सांगितलं, मला ओठ दिसले तर बरं पडेल. त्यांनी मान हलवली आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, ‘यांना झोप लागते का?’ पुढचा सगळा वेळ त्यांचं बोलणं नवऱ्याशी झालं, माझ्याबद्दल. शेवटी ध्यान करायला सांगितलं आणि चांगले विचार करायला. फी दीड हजार. घरी येताना रिक्षात नवरा म्हणाला, ‘मला आता तुझ्याबद्दल बोलायला कुठेही नको नेऊस.’ त्यालाही ते फार लागलं होतं.

त्यानंतर महिनाभर मी विषयच काढू दिला नाही. मग लेकीने एक मार्ग काढला. फोन करायचाच नाही, लिहूनच विचारायचं. तिने पुण्यातल्या समुपदेशकांचे पत्ते गोळा केले आणि मी एक मेसेज तयार केला. कुणाला उपयोगी पडला तर जसाच्या तसा घ्या :

‘नमस्कार. मला समुपदेशनासाठी यायचं आहे. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन वापरते, ओठ बघून समजून घेते. फोनवर बोलता येत नाही. प्रत्यक्ष भेट, मराठीतून. तुम्ही यापूर्वी कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीबरोबर काम केलं आहे का? नसेल तरी हरकत नाही, पण त्यासाठी थोडा बदल करायची तयारी आहे का? फी आणि किती थांबावं लागेल तेही कळवावं.’

काहींनी उत्तरच दिलं नाही. एकांनी ‘कॉल मी’ असं लिहिलं. एकांनी व्हिडिओ कॉल सुचवला. आणि एका बाईंनी उलट प्रश्न पाठवले. कोणत्या कानाने जास्त बरं ऐकू येतं? म्हणजे बसायची जागा ठरवता येईल. लिहून दाखवलेलं चालेल का, की त्यात अपमान वाटतो? ओठ बघून किती वेळात थकायला होतं? पन्नास मिनिटं सलग जमेल की मध्ये थांबायचं? आणि शेवटी : ‘सोबत कुणी आलं तरी चालेल, बोलणं मात्र तुमच्याशीच होईल. कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीबरोबर मी आधी काम केलेलं नाही, शिकावं लागेल, तुम्ही सांगाल तसं.’

मी तो मेसेज नवऱ्याला दाखवला, लेकीला दाखवला, रात्री परत वाचला. तीन आठवडे थांबावं लागेल असं त्यांनी लिहिलं होतं. थांबायला माझी काहीच हरकत नव्हती.

त्या तीन आठवड्यांत मी त्यांची पात्रता विचारून घेतली, आणि तुम्हीही विचारा, संकोच करू नका. आपल्याकडे ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाचं शिक्षण सारखं नसतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्यांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते आणि नोंदणी क्रमांक मागता येतो. माझ्या समुपदेशकांनी आपणहून लिहिलं की त्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ नाहीत. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए., पुढे प्रशिक्षण, आणि स्वतःच्या कामाबद्दल एका ज्येष्ठ व्यक्तीशी नियमित चर्चा, नावं न घेता. औषधं त्या देऊ शकत नाहीत, गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. काय करत नाही हे ज्या माणसाला स्वच्छ सांगता येतं त्याच्यावर विश्वास ठेवायला मला सोपं जातं.

पहिली भेट १६ मार्च २०२४, शनिवार. शनिवारी शाळा सकाळची असते म्हणून दुपारची वेळ मागून घेतली. आम्ही वडगाव शेरीत राहतो. मेट्रो त्याच महिन्यात ६ तारखेला रामवाडीपर्यंत आली होती, त्यामुळे रामवाडीला बसून थेट नळ स्टॉपला उतरता यायचं. पुढच्या स्टेशनचं नाव डब्यात पाटीवर दिसतं, कुणाला विचारावं लागत नाही. आमच्यासारख्यांना ही सोय फार मोठी आहे.

कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, तळमजल्यावरची जागा. दाराशी एकच पायरी आणि तिच्यावर लाकडी उतार करून ठेवलेला. आत भिंतीवर फीचा कागद : तीनशे ते बाराशे, तुम्हाला परवडेल ते तुम्ही सांगा, उत्पन्नाचा दाखला मागितला जाणार नाही. मी नऊशे सांगितले. त्यावर काहीही चर्चा झाली नाही.

मग एक अर्ज भरायचा होता. पहिलाच प्रश्न : तुम्हाला काय म्हणून हाक मारावी? लिंगासाठी पुरुष-स्त्री अशा चौकटी नव्हत्या, नुसती रिकामी ओळ होती. घरात कोण कोण आहे असं विचारलं होतं, ‘पतीचे नाव’ असं नव्हतं. जात, धर्म विचारलेले नव्हते. खाली एक वाक्य होतं की यांतल्या कशामुळे तुम्हाला कुठे त्रास झाला असेल आणि सांगावंसं वाटलं तर इथे सांगू शकता. मला स्वतःला यांतल्या बऱ्याच गोष्टींनी फरक पडणार नव्हता. पण तो कागद वाचताना वाटलं, इथे येणारा कुठलाही माणूस आधीच गृहीत धरलेला नाही. मग मलाही धरलेलं नसेल.

दुसरा कागद संमतीचा, साध्या मराठीत. गोपनीयतेबद्दल त्यांनी लिहूनही दिलं आणि तोंडानेही सांगितलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये गोपनीयता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क मानलेला आहे. जे बोलू ते बाहेर जाणार नाही, नवऱ्यालाही नाही. अपवाद मात्र आधीच सांगितले : कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं (ते कळवणं पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे), किंवा न्यायालयाने मागितलं तर. कुठे सही करायला लावली आणि अपवाद सांगितले नाहीत, तर तुम्हीच विचारा.

मग आम्ही खोली लावली. हो, आम्ही दोघींनी मिळून. त्यांनी विचारलं, उजेड कुठून हवा? त्या स्वतः खिडकीकडे तोंड करून बसल्या, म्हणजे उजेड त्यांच्या चेहऱ्यावर. मी डाव्या कानाने जास्त ऐकते, म्हणून माझी खुर्ची थोडी तिरकी. मध्ये स्टुलावर एक वही आणि दोन पेनं. आणि त्यांनी पंखा बंद केला. मार्चचा मध्य, दुपारचे दोन वाजलेले. दर शनिवारी तो पंखा बंद व्हायचा, एप्रिलमध्येही, मे महिन्यातही. त्यांच्या कपाळावर घाम यायचा, रुमालाने टिपायच्या, पण टिपताना बोलणं थांबवायच्या, कारण रुमालाने ओठ झाकले जातात. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांचं त्यांच्या लक्षात आलं होतं.

मी त्यांना ताई म्हणायला लागले, त्या मला बाई म्हणायच्या, कारण अर्जात मी तसंच लिहिलं होतं. शाळेत वीस वर्षांहून जास्त काळ सगळे मला बाईच म्हणतात, आणि तेच आता सुटणार अशी भीती होती.

पहिले काही शनिवार मला अवघड गेले. मला वाटत होतं त्या काहीतरी सांगतील, असं करा, तसं करा. त्या सांगत नव्हत्या. विचारायच्या, थांबायच्या, मी म्हटलेलं त्यांच्या शब्दांत परत सांगून ‘असंच ना?’ म्हणायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, ‘ताई, तुम्ही मला काही उपाय का सांगत नाही?’ त्या म्हणाल्या, ‘सांगू शकते. पण आत्तापर्यंत तुम्हाला उपाय सांगणारे किती जण भेटले? त्यांचा उपयोग झाला का?’ झाला नव्हता. तरी मला त्या दिवशी ते पटलं नाही. घरी जाऊन कुरकुर केली.

या पद्धतीबद्दल नंतर वाचलं. कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ती मांडली. त्यांचं म्हणणं असं की, माणसात स्वतःला सावरायची आणि वाढायची ताकद असते, समुपदेशकाने त्यासाठी योग्य नातं तयार करायचं. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या : समोरच्याचा बिनशर्त स्वीकार, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, आणि समुपदेशकाने स्वतः खोटं न वागणं. वाचायला हे सोपं वाटतं. समोर बसलेल्या माणसाबरोबर दर आठवड्याला ते करणं किती कष्टाचं आहे, ते मी पाहिलं.

एक प्रसंग सांगते. बहुतेक तिसरी-चौथी भेट असेल. ताई काहीतरी बोलल्या, मला ते कळलं नाही, आणि मी हसून मान हलवली. ही माझी वर्षानुवर्षांची सवय. न कळलेल्या गोष्टीला हो म्हणायचं आणि पुढे जायचं, म्हणजे समोरच्याला परत सांगायचा त्रास नाही. ताई थांबल्या. म्हणाल्या, ‘मी आत्ता काय म्हणाले ते पोचलं का?’ मी परत मान हलवली. त्यांनी वही घेतली आणि लिहिलं : ‘इथे हो म्हणायची गरज नाही.’

मी त्या वाक्याकडे बघत बसले. मग रडू आलं, बराच वेळ. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसून राहिल्या. रडू ओसरल्यावर त्यांनी तेच वाक्य परत सांगितलं, पण वेगळ्या शब्दांत. पहिल्यांदा ज्या शब्दांवर मी अडखळले ते टाळून. पुढे हा आमचा नियमच झाला. मला कळलं नाही तर मी हात थोडा वर करायचा, त्यांनी वाक्य बदलून सांगायचं, तेही नाही कळलं तर लिहायचं. माझ्या बाबतीत समुपदेशन खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं. माझ्यासाठी वाक्य बदलणं हे त्यांच्या दृष्टीने उपकार नव्हते, कामच होतं. आणि मला जे हवं ते मागणं हा माझ्या कामाचा भाग होता.

हळूहळू काय काय गेलं ते बोलायला लागले. पत्र्यावरचा पाऊस. पाठीमागून कुणी आलं तर लागणारी चाहूल. वर्गात मागच्या बाकावरचं पोर हळूच काही विनोद करतं, तो. आणि आईचा फोनवरचा आवाज, जो आता नुसता गुणगुणल्यासारखा येतो. नातेवाईक म्हणायचे, ‘अगं, निदान डोळे तरी शाबूत आहेत.’ ताईंनी असं काही एकदाही म्हटलं नाही. वहीत एका ओळीत लिहिलं, ‘आईचा फोन’, आणि विचारलं, ‘या फोनमध्ये काय काय असायचं?’ मी अर्धा तास आईच्या फोनबद्दल बोलले. भाजीचे भाव, शेजारणीची सून, आणि फोन ठेवताना दर वेळी ‘जेवलीस ना?’.

एप्रिलमध्ये त्यांनी विचारून, परवानगी घेऊन, एक प्रश्नावली भरायला दिली. मराठीत, छापील. मागच्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, उत्साह, निराशा याबद्दल नऊ प्रश्न, सत्तावीसपैकी गुण. आकडा काय आला आणि त्याचा अर्थ काय, हे त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, आणि मनोविकारतज्ज्ञांना एकदा भेटायचा पर्याय ठेवला. जायचं की नाही हे मी ठरवायचं होतं. मी गेले. तिथे फी हजार रुपये. काही महिने औषध घेतलं, पहाटेची जाग कमी झाली. ताईंनी आधीच डॉक्टरांना माझ्या संमतीने चिठ्ठी लिहिली होती, की बोलताना मास्क काढावा आणि माझ्याकडे बघून बोलावं. डॉक्टरांनी तसं केलं.

विम्याचंही सांगते. मानसिक आजारावरच्या उपचारांना शारीरिक आजारांसारखाच विमा द्यावा, असं २०१७ च्या कायद्यात आहे. पण माझी पॉलिसी रुग्णालयात दाखल झालं तरच लागू होणारी आहे, बाह्यरुग्ण उपचार तिच्यात नाहीत. त्यामुळे समुपदेशनाची फी खिशातून. पावत्या मात्र प्रत्येक वेळी घेतल्या. तुमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाचं कलम आहे का, ते सुरुवातीलाच बघून घ्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि नोकरीचा विषय ऐरणीवर आला. एका बैठकीत मला भलतंच ऐकू आलं आणि मी त्यावर उत्तर दिलं, सगळे गप्प झाले. त्या शनिवारी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज पर्समध्ये घेऊनच गेले. ताईंनी तो वाचला. राहा असंही म्हणाल्या नाहीत, सोडा असंही नाही. विचारलं, ‘नोकरी सोडायची आहे, की नोकरीतला हा त्रास सोडायचा आहे?’ मग म्हणाल्या, ‘निर्णय तुमचा. पण ठरवण्याआधी माहिती पुरी असावी. मी शोधून आणते.’

पुढच्या वेळी त्यांनी दोन पानांची प्रिंट आणली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २०. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर नेता येत नाही. आणि सरकारी आस्थापनेच्या व्याख्येत सरकारी अनुदान मिळणाऱ्या संस्थाही येतात. म्हणजे माझी शाळाही. कामाच्या जागी आवश्यक त्या सोयी मागण्याचाही हक्क आहे. मला हे काहीच माहीत नव्हतं. शिक्षकांच्या खोलीतही कुणाला माहीत नव्हतं.

मनोसामाजिक आधार हा शब्द मी त्यांच्याकडूनच ऐकला. मन आणि भोवतालची परिस्थिती वेगळी काढता येत नाही, हे त्यातलं म्हणणं. मला रात्री झोप येत नव्हती त्यात मनाचा भाग होता, तसाच पगार, शाळा, घर आणि कागदपत्रांचाही होता. नुसतं मनावर काम करून ते सुटलं नसतं.

दिव्यांग प्रमाणपत्र घ्यायचं की नाही, यावर मात्र दोन-तीन शनिवार गेले. कार्डावर तसं छापून येणार, हे पचवायला वेळ लागला. ताईंनी घाई केली नाही. ऑगस्टमध्ये मी अर्ज केला, स्वतःहून.

प्रक्रिया अशी. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करायची, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही अपलोड करायची आणि जवळचं अधिकृत सरकारी रुग्णालय निवडायचं. मग तिथे केसपेपर काढून कान-नाक-घसा विभागात जायचं. ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणारी चाचणी, होते. माझी ‘बेरा’ नावाची चाचणीही सांगितली, जिच्यात आवाजाला मेंदू काय प्रतिसाद देतो ते यंत्राने मोजतात. तिला पुढची तारीख मिळाली आणि सहा आठवडे गेले. टक्केवारी काढताना दोन्ही कानांचा विचार होतो, पण चांगल्या कानाला पाचपट वजन असतं, त्यामुळे एकाच कानाने ऐकू येत नसेल तर आकडा बराच कमी येतो. माझा ५२ टक्के आला. ४० टक्के किंवा अधिक असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. आयकराच्या जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची वजावटही मिळते.

रांगेत नावं पुकारतात, आणि कानाच्या विभागातही ती तोंडानेच पुकारतात. म्हणून खिडकीवर आधीच जाऊन सांगा की मला ऐकू येत नाही, हाताने खूण करा. मी एक जाड कागद तयार केला होता, त्यावर मोठ्या अक्षरांत : ‘मला कमी ऐकू येतं. कृपया हात हलवून बोलवा.’ तो गळ्यात अडकवून बसले. हे मार्चमध्ये माझ्याकडून झालं नसतं. एका आजोबांनी विचारलं, असा कागद मला पण लिहून द्याल का. दिला.

मधल्या काळात, जुलैत, नवरा आणि लेक दोघंही एका भेटीला आले. माझ्या इच्छेने, आणि काय बोलायचं नाही हे मी आधी ठरवून दिल्यावर. ताई बोलताना सतत माझ्याकडे बघत होत्या. नवऱ्याने विचारलं, ‘मी मोठ्याने बोलतो, तरी हिला कळत नाही, मग काय करू?’ ताईंनी मलाच उत्तर द्यायला सांगितलं. मी सांगितलं : ओरडल्याने ओठ वाकडे होतात, उलट कळत नाही. दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका. खांद्याला हात लावा, समोर या, मग बोला. कळलं नाही तर तेच परत म्हणू नका, शब्द बदला. आणि ‘काही नाही, जाऊ दे’ असं कधीही म्हणू नका. शेवटचं म्हणताना माझा आवाज चढला होता. लेक म्हणाली, ‘आई, हे तू आम्हाला कधी सांगितलंच नाहीस.’ आता घरात जेवताना टीव्ही बंद असतो. सासूबाई अजून मोठ्यानेच बोलतात, पण समोर येऊन बोलतात.

पावसाळ्यात एकदा व्हिडिओवर भेट घेऊन बघितली. मोबाईलवर बोलणं अक्षरांत उमटवणारं ॲप लावलं होतं, ते मराठीत चालतं. दुकानात, बँकेत मला त्याचा उपयोग होतो. पण मनातलं बोलताना वाक्यं तुटक येतात, आवंढा येतो, तिथे ते गोंधळायचं. अर्ध्यातच आम्ही बंद केलं आणि पुढच्या शनिवारी भेटलो. त्या अर्ध्या भेटीची फी ताईंनी घेतली नाही.

सप्टेंबरात गणपती. पुण्यात राहून ढोल-ताशापासून पळणार कुठे? आमच्यासारख्यांना हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज मात्र कानात भाल्यासारखे घुसतात. आदल्या वर्षी मी दहा दिवस घराबाहेर पडले नव्हते. या वेळी ताईंबरोबर आधी बसून ठरवलं : मानाच्या गणपतींचं दर्शन सकाळी लवकर, मशीनं काढून डबीत, नवऱ्याबरोबर हाताच्या खुणा ठरवलेल्या. कसबा गणपतीसमोर उभी राहिले तेव्हा आजूबाजूला पूर्ण शांतता होती, माझ्यापुरती. आरतीला लोकांच्या टाळ्या दिसत होत्या, जमिनीतून ठेका पायाला जाणवत होता. मला बरं वाटलं. विसर्जन मिरवणुकीला गेले नाही, ते मला आजही जमणार नाही.

प्रमाणपत्र नोव्हेंबरात आलं. त्याची प्रत जोडून मी मुख्याध्यापकांना अर्ज दिला. तीन मागण्या : रस्त्याकडचा वर्ग बदलून मागच्या बाजूचा द्यावा, ऑफिसात फोन घेण्याची पाळी नसावी, बैठकांचे मुद्दे लेखी मिळावेत. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. तिसरीसाठी अजून दर वेळी आठवण करावी लागते. वर्गात मी स्वतःच मुलांना सांगितलं की मला कमी ऐकू येतं, बोलायचं असेल तर हात वर करा, उभे राहा, माझ्याकडे बघून बोला. पाचवीची पोरं ती. एका दिवसात शिकली.

डिसेंबरपासून भेटी पंधरा दिवसांवर आल्या. संपवायचं कसं, हे ताईंनी बरंच आधी काढलं, एकदम शेवटच्या दिवशी नाही. मला ते आवडलं नव्हतं, मला अजून यायचं होतं. तेही बोललो. जानेवारीत शेवटची भेट झाली. नोंदी त्या किती काळ ठेवतील, मला त्या बघायच्या असतील तर काय करायचं, परत यावंसं वाटलं तर थांबायला किती लागेल, सगळं लेखी दिलं. समुपदेशनाचा एकूण खर्च पंचवीस हजारांच्या आतबाहेर झाला, औषधं आणि मनोविकारतज्ज्ञांची फी वेगळी. हा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही, हे मला माहीत आहे. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. ज्यांना फोनवर ऐकू येतं त्यांनी ती जरूर वापरावी. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर सकाळची वाट बघू नका.

आईला आता लेकीने व्हिडिओ कॉल करायला शिकवलंय. तिला फोन तोंडासमोर धरायची सवय नाही, अर्धा वेळ छताचा पंखा दिसतो. मग मी हात वर करते, आणि ती फोन सरळ करून विचारते, जेवलीस ना.